भाऊजींचा एनलार्जर आणि माँसाबचं तपेलं

आमच्या न्हाणीघरावरच्या माळ्याची उंची मी स्वतःच्या उंचीवरून सांगितली, आणि तिथून सगळी फजिती सुरू झाली. धाकट्या दिरांनी, म्हणजे आमच्या भाऊजींनी, महूहून कोपऱ्यावरच्या पीसीओवर फोन करून मला बोलावून घेतलं होतं आणि विचारलं होतं, "वहिनी, जरा बघून सांगा, माळ्यावर माणूस सरळ उभा राहतो का?" मी घरी आले, शिडी चढले, सरळ उभी राहिले, डोकं कुठं आपटलं नाही. पुन्हा पीसीओवर जाऊन ठणकावून सांगितलं, "आरामात राहतो." आता, फळीवरचा पिठाचा डबा काढायलासुद्धा मला पाट लागतो, हे त्या क्षणी माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण तेव्हा मी तिशी-पस्तिशीतली होते आणि आपलं काही चुकू शकतं ही शंका मला त्या वयात कधी शिवलीच नाही. नातवंडांना हे सांगितलं तर ती म्हणतात, "आजी, अजून कुठं शिवलीय?" असो.

आश्चर्य माझ्या मापाचं नाही. मी तशीच होते. आश्चर्य हे, की भाऊजींनी ते तपासून न बघता मान्य केलं. कारण दोष हुडकणारा असा माणूस अख्ख्या इंदुरात झाला नाही आणि होणार नाही. मिलमध्ये ते फोल्डिंग खात्यात होते. तयार कापड एका उजेडाच्या टेबलावरून सरकत जायचं आणि भाऊजी समोर उभे राहून त्यातला तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग पकडायचे. वीसेक वर्षं हेच केल्यावर डोळे संध्याकाळी घरी आले तरी कामावरच असत. पोळी ताटात पडली की आधी उजेडाकडे धरून बघत. पापड भाजून दिला तर "वहिनी, इथं जरा विरळ लाटला गेलाय" म्हणून दाखवत, आणि मग तो विरळ भागच आधी खात. माझ्या लग्नात अंतरपाटाचं एक टोक त्यांच्या हातात होतं. मंगलाष्टकं चालली होती, लोक अक्षता टाकत होते, आणि हे कापड डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. शेवटी भटजींना म्हणाले, "गुरुजी, दोन मिनिटं थांबता का, यात एक धागा तुटलाय. आमच्याच मिलचं दिसतंय." मी खाली मान घालून उभी होते. सासरच्या माणसाचे पहिले शब्द कानावर पडले ते हे.

त्यांचं स्वतःचं लग्न झालं नाही त्याचंही कारण कापडच. धारला एक मुलगी बघायला गेलो होतो. चांगली शिकलेली, हसरी मुलगी. पोह्यांची बशी घेऊन आली, समोर बसली. भाऊजींनी टेबलक्लॉथचं टोक उचललं ते निघेपर्यंत खाली ठेवलं नाही. मुलीच्या वडिलांनी नंतर आमच्या ह्यांना विचारलं, "भिया, लडका लडकी देखने आया था के टेबलक्लॉथ?" हे घरी आल्यावर भाऊजींना बोल बोल बोलले. भाऊजी शांतपणे म्हणाले, "दादा, टेबलक्लॉथ फार चांगला विणला होता. मुलीनंच विणला असणार. मी तेच सांगणार होतो, तुम्ही उठलात." असा हा माणूस. बोलायचे मात्र एवढ्या मोठ्यानं, की कुणाच्या घरी सांत्वनाला गेले तर त्यांचं "फार वाईट झालं" तीन गल्ल्यांना ऐकू जाई. खात्याच्या भिंतीपलीकडेच साचे, म्हणजे कापडाचे माग, धडधडत असायचे, तिथं हळू बोलून चालत नसे, आणि घर आणि मिल यांत आवाज बदलायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा नाद फोटोंचा. पहिल्या बोनसमधून घेतलेला एक कॅमेरा होता आणि त्यानं ते आमचे फोटो काढत. काढत म्हणजे, आधी अर्धा तास उभं करत. "हसू नका, हसलं की चेहरा हलतो." त्यामुळे आमच्या घरच्या सगळ्या जुन्या फोटोंत आम्ही कोर्टाच्या निकालाची वाट बघत असल्यासारखे दिसतो. माझा मुलगा दोन वर्षांचा असतानाच्या फोटोत निवृत्त मामलेदार वाटतो.

मग मिल बंद पडली. तेव्हा शहरातल्या एकेक मिल बंद पडत होत्या, आज हिची पाळी, उद्या तिची, पण आपली पडेल असं कुणालाच वाटत नव्हतं. सकाळचा भोंगा वाजेना. ज्या बायका भोंग्यावर कुकर लावत त्या काही दिवस गोंधळून गेल्या. भाऊजी तरीही रोज डबा घेऊन जायचे आणि बंद गेटासमोर बाकीच्यांबरोबर बसून, तिथंच डबा खाऊन यायचे. त्या दिवसांत त्यांनी माझ्या पोळीत एकही दोष काढला नाही. मला आधी बरं वाटलं. आठवड्याभरानं भीती वाटायला लागली. मुद्दाम एक पोळी करपवून वाढली, तीसुद्धा त्यांनी निमूट खाल्ली.

सुरतेला ह्यांचा आत्येभाऊ होता, तिथल्या एका मिलमध्ये चांगल्या जागेवर. त्यानं कळवलं, याला इकडे पाठवा, मी चिकटवतो. आमचे हे लगेच तयार. "तिकडे काम आहे, पगार आहे, इथं गेटासमोर बसून काय होणार?" चुकीचं काही नव्हतं त्यात. पण भाऊजींना इंदूर सोडायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते जायला नको होते. मी हे कुणाला बोलले नाही. मुलांचा काका जाईल, मुलांना चुकल्यासारखं होईल, असं मुलांच्या नावावर खपवत होते. शेवटी असं ठरलं, की आत्येभाऊ रंगपंचमीला इंदूरची गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघायला येणारच आहे. तोवर भाऊजींचं इथं काही जमलं तर ठीक, नाहीतर परत जाताना तो त्यांना बरोबर घेऊन जाईल. आणि जमवायचं म्हणजे काय, तर भाऊजींच्या डोक्यात एकच होतं: फोटो मोठे करून द्यायचा धंदा. महूला एक म्हातारे फोटोग्राफर दुकान आवरत होते, त्यांच्याकडचा एनलार्जर मिळत होता. माळ्याच्या उंचीबद्दलचा फोन तो.

एनलार्जर टेम्पोतून आला तेव्हा तुकड्यातुकड्यांत होता, त्यामुळे धोका कुणाच्या लक्षात आला नाही. एक जड पाट, एक लोखंडी खांब, मोठ्या लोट्यासारखं डोकं, आणि त्याखाली हार्मोनियमच्या भात्यासारखा भाता. माळ्यावरून मी वर्षाचे पापड-कुरडया, लोणच्याच्या बरण्या आणि दिवाळीची पणत्यांची टोपली उतरवली, भाऊजी आत शिरले आणि कमरेत वाकून, मान वाकडी करून, तुकडे जोडायला लागले. माझ्यासाठी आत जागा नव्हती, मी शिडीवर उभी राहून स्क्रू देत होते आणि न विचारलेला सल्लाही देत होते. तासाभरानं खांब उभा राहिला. भाऊजींनी त्यावर डोकं बसवलं, बाजूची मूठ फिरवून ते वर न्यायला लागले, आणि थोडं वर जाताच ते ठक्कन छताला लागलं.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. डोक्यात दिवा असतो, दिव्याखाली निगेटिव्ह, त्याखाली भिंग. खाली पाटावर कागद ठेवायचा. डोकं जेवढं वर न्याल तेवढा फोटो मोठा. आमचं डोकं जेवढं वर जात होतं तेवढ्यात पोस्टकार्डापेक्षा मोठं काही निघणं शक्य नव्हतं, आणि पोस्टकार्डाएवढे फोटो गल्लीगल्लीतला स्टुडिओवाला काढून देत होता. भाऊजींनी वाकड्या मानेनं माझ्याकडे बघितलं. "वहिनी, तुम्ही आरामात म्हणाला होतात." मी म्हटलं, "मी राहते की आरामात." यावर ते नुसते माझ्या डोक्याकडे आणि मग छताकडे बघत राहिले. फोल्डिंग टेबलावर मी असते तर त्या दिवशी रद्दीत गेले असते.

आता चूक माझी, म्हणून उपायही मीच काढणार, असा माझा हट्ट. पहिला उपाय मी असा सुचवला, की माळ्यालाच भोक पाडावं आणि कागद खाली न्हाणीघरात ठेवावा. भाऊजींना तो पटला, एवढंच नाही तर आवडला. ह्यांना सांगितला तर ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "मी आंघोळ करताना माझ्या अंगावर कुणाचा फोटो पडलेला मला चालणार नाही," म्हणाले. तेव्हा राहिलं छत. माळ्याचं छत म्हणजे वरच्या मजल्याची लाकडी जमीन, आणि वर राहायच्या आमच्या घरमालकीण. सगळी गल्ली त्यांना माँसाब म्हणे. मूळच्या सांवेरकडच्या, त्यांचे यजमान, शेठजी, जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि भाड्यापासून नळापर्यंत त्यांच्याशी बोलताना आमच्या ह्यांचीही जीभ अडखळायची. मी वर गेले. त्यांना म्हटलं, तुमच्या जमिनीची एक फळी काढायचीय.

माँसाब लसूण सोलत होत्या. "म्हारे घर में छेद?" त्यांनी विचारलं.

"छोटासा, माँसाब. फोटू मोठे करने की मशीन है, उसका सिर नहीं मावता."

"मशीन का सिर म्हारे कमरे में आएगा?"

"बस काम के टाइम. बाकी वो नीचेच बसेगी."

त्यांनी आणखी दोन पाकळ्या सोलल्या. मग म्हणाल्या, सांवेरला त्यांच्या जेठाणीच्या, म्हणजे मोठ्या जावेच्या, बैठकीत तिच्या नवऱ्याचा हा एवढा मोठा फोटो आहे, दारातून शिरलं की आधी तोच दिसतो. शेठजींचा त्याहून मोठा करून देणार असाल, आणि बरसीच्या, म्हणजे वर्षश्राद्धाच्या, आधी देणार असाल, तर काढा फळी. बरसी रंगपंचमीच्या दोन-चार दिवस आधीच येत होती. मी म्हटलं, झालंच समजा. भाऊजींना विचारायची गरज मला तेव्हाही वाटली नाही.

शेठजींचे फोटो म्हणाल तर स्टुडिओतले दोन, तेही हातानं रंगवलेले. माँसाबना ते नको होते, का ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांना हवा होता तो भाऊजींनीच इथल्या लालबागच्या जत्रेत काढलेला एक. त्यात आकाशपाळणा आहे, गर्दी आहे, आणि कोपऱ्यात शेठजी उभे आहेत, हरभऱ्याच्या दाण्याएवढं तोंड. त्या दाण्याचा भिंतीवरचा फोटो करायचा म्हणजे एनलार्जरचं डोकं पार माँसाबच्या खोलीत न्यायला हवं होतं.

फळी निघाली ती त्यांच्या देवघराशेजारच्या कोपऱ्यात. भोकातून उजेड आत येऊ नये म्हणून मी ह्यांच्या जुन्या छत्रीच्या काळ्या कापडाची एक पिशवी शिवली आणि वरून माँसाबनी आपलं पितळी तपेलं पालथं घातलं. खाली भाऊजींनी मूठ फिरवली की वर तपेलं हळूहळू उचललं जाई, आणि मूठ उलटी फिरवली की बसे. आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. पण एका दुपारी सांवेरची जेठाणी बरसीचं बोलायला आली आणि देवघरासमोर बसली. बोलता बोलता देवाशेजारचं तपेलं वीतभर वर आलं, थोडं थांबलं, आणि पुन्हा खाली गेलं. जेठाणीनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि हात जोडले. माँसाब काय बोलल्या असतील असं वाटतं? काही नाही. त्यांनीही हात जोडले. नंतर मला म्हणाल्या, "पैली बार म्हारे सामने हाथ जोड़े उसने. मैं क्यों बोलूँ?"

इकडे माझी बढती झाली होती. कागदावर उजेड किती वेळ पडू द्यायचा याचा हिशेब लागतो, जास्त पडला की फोटो काळा येतो. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही शिडीवर बसून पाढे म्हणा, मोठ्यानं म्हणा, मी त्यावर दिवा विझवतो." आता पाढे म्हणजे माझा शाळेतला मान. तीसपर्यंत पाढे, पावकी, निमकी, सगळं एका दमात म्हणणारी मुलगी म्हणून मला शाळेत एक पितळेचा पेला मिळाला होता आणि तो मी सासरी घेऊन आले होते. तेव्हा शिडीच्या चौथ्या पायरीवर, माळ्याच्या काळ्या पडद्याला पाठ लावून मी बसायला लागले. पासपोर्टला बाराचा, पोस्टकार्डाला सतराचा, असं मीच ठरवून टाकलं. खालून नळ वाजला की ओरडायचे, "बंद करा, एक्स्पोजर चाललंय." हळदीकुंकवाला बायकांनी विचारलं, घरात काय चाललंय, तर मी म्हटलं, "डार्करूमची टेक्निकल बाजू मी बघते." आमच्या तीन पराती औषधांच्या पाण्यानं भरल्या गेल्या होत्या, घरात आंबूस वास कायमचा मुक्कामाला आला होता, आणि ह्यांना आंघोळीच्या बादलीत रोज कुणाचा ना कुणाचा चेहरा तरंगताना भेटत होता. पण मी खुशीत होते, आणि भाऊजी पुन्हा पोळीत दोष काढायला लागले होते.

मोठ्या फोटोचा दिवस आला. त्या मापाचा दुकानात एकच कागद उरला होता, नवा माल मुंबईहून यायचा होता आणि तो बरसीनंतर येणार होता. म्हणजे जे व्हायचं ते एकदाच. दुपारी ह्यांना कामाला बाहेर पाठवलं. मुलं शाळेत. माँसाब वर तपेल्याशेजारी बसल्या, कुणी आलं तर दारातूनच परतवायचं म्हणून. भाऊजींनी आतून सांगितलं, "वहिनी, एकोणतिसाचा. संथ म्हणा. घाई नको." मी पदर खोचला आणि सुरू केलं. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, अशी ऐटीत सहापर्यंत गेले. आणि एकोणतीस सत्ते.

एकोणतीस सत्ते किती, हे मला आलं नाही. माळा, पेला, शाळेचे गुरुजी, सगळं डोळ्यांसमोर आलं, फक्त उत्तर आलं नाही. आत दिवा जळतोय, कागदावर शेठजी शिजतायत. थांबावं तर लाज वाटत होती, चुकीचं म्हणावं तर भाऊजी तिथल्या तिथं दोष काढणार. मी काय केलं? पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, मघापेक्षा खणखणीत, जणू असंच ठरलं होतं. पुन्हा सत्तेशी येऊन अडकले. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला कुठून तरी दोनशे तीन आलं आणि मी दहापर्यंत पोचून घाम पुसला. आतून भाऊजींनी कागद औषधात टाकल्याचं पाणी तेवढं वाजलं.

फोटो बाहेर आला. परातीच्या पाठीवर पसरून भाऊजींनी तो खाली दिला आणि मी बघितला. शेठजी काळे झाले होते. आकाशपाळण्यामागचं आभाळ तिन्हीसांजेसारखं, आणि त्यात काळासावळा मोठा चेहरा, फक्त डोळे आणि दात चमकणारे. स्टुडिओतल्या फोटोत गुलाबी गालांचे, आणि इथं असे.  कागद संपला होता. तीन दिवसांनी जेठाणी येणार, मग आत्येभाऊ येणार, गेर बघणार, आणि जाताना भाऊजींची ट्रंक उचलणार. आणि हे सगळं माझ्या एका पाढ्यामुळं. भाऊजींच्या तोंडाकडे बघायची हिंमत झाली नाही. 

जिना वाजला. माँसाब खाली आल्या होत्या. परात भिंतीला टेकवून ठेवली होती, तिच्यासमोर त्या जमिनीवर बसल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी आधी थोडा पुढे घेतला, नवरा समोर आल्यावर घ्यायच्या तसा. मी म्हटलं, "माँसाब, थोडा अंधेरा आ गया है, अपन दूसरा..."

"चुप," त्या म्हणाल्या. आणि फोटोवरची नजर न काढता म्हणाल्या, "ब्याव से आज तक जित्ते फोटू खिंचे, सब में उनको गोरा कर दिया. साल भर से मैं जाने किसके आगे दिया लगा री थी. ये हैं वो. ओटले पे बैठ के दातुन करते थे, ये वो हैं."

बरसीला सांवेरहून बसभर माणसं आली. फोटो जेठाणीच्या फोटोपेक्षा हातभर मोठा होता, ही गोष्ट माँसाबनी कुणाला सांगितली नाही, नुसती तिची बसायची जागा फोटोसमोर केली. जेवणं होईपर्यंत शेठजींच्या भावांनी, पुतण्यांनी, लेकीच्या सासरच्यांनी, प्रत्येकानं एकेक कॉपी मागितली होती, आणि "बिलकुल ऐसाच, सांवला," हे प्रत्येकानं बजावलं होतं. आत्येभाऊ आला, गेरमध्ये ओळखू न येण्याइतका रंगला, भाऊजींनी त्या रंगासकट त्याचा फोटो काढून मोठा करून दिला, आणि तो फोटो घेऊन तो एकटाच सुरतेला गेला. भाऊजींची ट्रंक पलंगाखालीच राहिली.

आणि मी काय करत होते? मी गुपित सांभाळत होते. मुंबईचा माल आल्यावर शेठजींच्या प्रत्येक कॉपीला एकोणतीस सत्तेपाशी मी मुद्दाम अडत होते. दोनदा अडायचं, तिसऱ्यांदा पार व्हायचं. जमेल तेवढं खरं वाटावं म्हणून मध्ये जरा "अं" वगैरेही करत होते. मनात म्हणायचे, भाऊजींना काय माहीत, त्यांचा धंदा कुणाच्या चुकीवर उभा आहे. घरी भांडण झालं की ह्यांना सांगावंसं वाटे, की तुमचा भाऊ इंदुरात राहिला तो माझ्यामुळे, एका पाढ्यामुळे. सांगितलं नाही, कारण मग पेल्याचीही इज्जत गेली असती.

पुढे काही वर्षं माळा चांगला चालला. मिलची माणसं जुने ग्रुप फोटो घेऊन यायची, शेवटच्या रांगेत उभं असलेलं आपलं तोंड मोठं करून मागायची. कुणी म्हणायचं, "भिया, मागे साचा दिसला पाहिजे हां, नुसता मी नको." भाऊजी माळ्यावर वाकून वाकून थोडे वाकडेच चालायला लागले. मग काचेच्या दारांची रंगीत लॅब आली, मग तिच्यासमोर दुसरी आली. तासाभरात फोटो, गारेगार हवा, काउंटरवर टाय लावलेला माणूस. माळ्याला कुणी विचारेना. भाऊजींना त्यांतल्याच एका लॅबनं प्रिंट तपासायला ठेवून घेतलं, आणि गिऱ्हाइकानं फोटो आवडला म्हटलं की हे आतून ओरडून त्यातला दोष सांगायचे. तरी त्यांना कुणी काढलं नाही, हे त्या मालकाचं मोठेपण.

माँसाब गेल्यावर त्यांच्या मुलानं वरची जमीन नवी करायला काढली. एनलार्जर उतरवावा लागला. भाऊजी माळ्यावर, मी शिडीवर, तीच चौथी पायरी. आता गुडघे कुरकुरत होते दोघांचेही. ते एकेक स्क्रू काढून माझ्या हातात देत होते, आणि मला वाटलं, आता सांगून टाकावं, आता काय जातंय. मी सगळं सांगितलं. सत्ते, पेला, तीन खेपा, नंतरचं मुद्दाम अडणं. "शेठजी काळे आले ते माझ्यामुळे, भाऊजी," म्हटलं.

भाऊजींनी पडदा बाजूला करून खाली बघितलं. "तुमच्या पाढ्यावर मी दिवा कधीच विझवला नाही," ते म्हणाले. "खिशात रेडियमचं घड्याळ असायचं माझ्या. शेठजींना मी रोज ओटल्यावर बघत होतो, म्हणून तसे काढले."

 एवढी वर्षं, एवढे पाढे, ते "अं". मग रागच आला. "मग मला कशाला बसवून ठेवत होतात इथं? पोळ्या टाकून येत होते मी."

भाऊजींनी भात्यावरची धूळ फुंकली, आणि म्हणाले, "मिल बंद झाली ना वहिनी, कान एकदम रिकामे झाले होते. वर अंधारात एकट्याला बसवत नव्हतं. खाली कुणीतरी बडबडत असलं की बरं वाटायचं, आणि घरात एवढं बडबडणारं दुसरं होतं कोण?"